पोटात गोळा, डोळा काट्यावर



"मुलगा रोज रात्री कॉम्प्युटरवर विमान उडवत बसतो. हे व्यसन समजायचं की अभ्यास?" असा प्रश्न अलीकडे मला दोघी-तिघींनी विचारला. शाळेत अर्धवेळ शिकवते म्हणून असे प्रश्न माझ्या वाट्याला येतातच. या वेळी उत्तरासाठी लांब जावं लागलं नाही. आमच्याच घरी हा विषय जूनमध्ये पंधरा दिवस मुक्कामाला होता.

त्याचं असं झालं. थोरल्या जाऊबाई लेकीला घेऊन आल्या होत्या. पोरगी नुकतीच बारावी झाली आहे आणि तिला वैमानिक व्हायचं आहे. भाऊजींची ना नाही. जाऊबाईंची मात्र ठाम ना. खर्चाचं तर होतंच, पण खरं कारण निराळं होतं. "पावसाळ्यात ढगातून जाताना विमान हललं, की मागे बसून माझा जीव खालीवर होतो. तिथे माझी लेक पुढे बसणार?" एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत. शेवटी मला म्हणाल्या, "तू शिकवतेस. तूच बघ आणि सांग मला, या पोरीचा हा नुसता खेळ आहे, की त्यात काही खरं आहे?"

म्हणून मी बघायला बसले. जे कळलं नाही ते पुतणीला विचारलं, थोडं वाचलं. ते सगळं आज तुमच्यापुढे ठेवते. घरात वैमानिक होणारं कुणी नसलं, तरी विमानाने येणारं-जाणारं कुणी ना कुणी असतंच.

पहिली गोष्ट अशी, की ढगात वैमानिकाचा मोठा शत्रू वारा नव्हे, पाऊस नव्हे. त्याचं स्वतःचं शरीर!

मंगळागौरीची फुगडी आठवा. फुगडी थांबली तरी घर फिरतच राहतं. पाय जमिनीवर आहेत, तरी भोवंडल्यासारखं होतं. आपल्या कानाच्या आत तीन बारीक वाकड्या नळ्या असतात आणि त्यांत द्रव असतो. डोकं फिरलं की नळी फिरते, द्रव मागे राहतो, त्यावरून मेंदूला कळतं की आपण वळलो. पण त्याच वेगाने फिरत राहिलो तर थोड्या वेळात द्रवही नळीबरोबर फिरू लागतो, आणि मेंदू म्हणतो, आपण स्थिर आहोत. थांबलो की द्रव पुढे धावतो, आणि मेंदू म्हणतो, आपण उलटे फिरतो आहोत. फुगडीनंतर आपण सावरतो ते समोर भिंत दिसते म्हणून. ढगात भिंत नाही. चहूकडे दुधासारखं पांढरं, रात्र असेल तर मिट्ट काळं.

अशा वेळी विमान हळूहळू डावीकडे कललं तर वैमानिकाला कळतसुद्धा नाही. कळल्यावर सरळ केलं तर वाटतं, आपण उजवीकडे कललो. मग तो भाबडेपणाने पुन्हा डावीकडे कलवतो. कललेलं विमान गोल फिरत उंची गमावू लागतं. तो नाक वर ओढतो, तसा गिरका आणखी आवळत जातो. इंग्रजीत या गिरक्याला दिलेलं नावच स्मशानाचं आहे. १९५४ मध्ये अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाने एक प्रयोग केला. काट्यांवर उडवण्याचं शिक्षण नसलेल्या २० जणांना बाहेरचं काही दिसू न देता विमान उडवायला दिलं. विसाच्या वीस जणांच्या हातून विमान सुटलं. सरासरी किती वेळात, तर १७८ सेकंदांत. पुरती तीन मिनिटंही नाहीत. (शेजारी सावरणारा वैमानिक होता, म्हणून काही विपरीत घडलं नाही.)

यावर उपाय एकच, शरीराचं ऐकायचं नाही, काट्यांचं ऐकायचं. हे होऊ शकतं हे दाखवलं जिमी डूलिटल या अमेरिकन वैमानिकाने, २४ सप्टेंबर १९२९ रोजी. त्याने आपली बैठक कापडी टपाने पूर्ण झाकून घेतली आणि नुसत्या काट्यांकडे बघत विमान उचललं, फिरवलं आणि उतरवलं.

पण हे शिकायचं कुठे? खऱ्या ढगात शिकायला जावं तर पहिली चूक हीच शेवटची. इथे जी गोष्ट समजली ती मला फार आवडली. त्याच सुमारास एडविन लिंक नावाच्या तरुणाने जमिनीवरच हलणारं लुटुपुटीचं विमान बनवलं. त्याच्या वडिलांचा कारखाना ऑर्गन आणि पियानोचा. आपल्या पेटीला जसा भाता असतो, तसे भाते त्या वाद्यांना असतात. लिंकने तेच भाते खोक्याखाली बसवले. हवा भरली की खोकं वर, सोडली की खाली, आणि आत बसलेल्याला वाटावं आपण उडतो आहोत. सुरुवातीला लोकांनी ते जत्रेतलं खेळणं समजून सोडून दिलं. १९३४ मध्ये अमेरिकेच्या सैन्याकडे विमान-टपालाचं काम आलं आणि थोड्याच आठवड्यांत खराब हवेत अनेक वैमानिक गेले. तेव्हा सैन्याने लिंककडून सहा यंत्रं घेतली. पुढे दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक त्यावर शिकले. आज मोठ्या विमान कंपन्यांची अशी यंत्रं सहा पायांवर हलतात, आणि घरच्या कॉम्प्युटरवर मुलं जे उडवतात ते त्यांचंच धाकटं भावंड.

आता त्या रात्रीचं उड्डाण. पुतणीने निवडलं होतं किंग एअर नावाचं दोन इंजिनांचं टर्बोप्रॉप, म्हणजे पंख्याचं विमान. पंखा असला तरी आत जुन्या मोटारीसारखं इंजिन नसतं. जळत्या वायूच्या झोताने आत एक चक्र मिनिटाला तीस हजारांहून जास्त फेरे घेतं, आणि दातेरी चाकांमधून ती गती उतरवून बाहेरचा पंखा दोन हजारांच्या आसपास फिरतो. लहान गावांच्या आखूड धावपट्ट्यांवर अशी विमानं सोयीची पडतात.

जायचं होतं गोव्याहून मुंबईला. हवामान माझ्या मुलाने बसवून दिलं होतं, जूनच्या सुरुवातीचं, विजांचं. आणि मुंबईत ढगांचा तळ जमिनीपासून किती वर ठेवला आहे, ते ताईला सांगायचं नाही अशी अट होती. जाऊबाई हातातलं निवडायचं ताट घेऊन मागे बसल्या. "मी काही बघणार नाहीये," म्हणाल्या. ताटातली मेथी तशीच राहिली, ते मी बघितलं.

निघण्याआधीच कागदावर बरंच लिखाण झालं. इंधन किती, वाट कोणती, आणि मुंबईला उतरता आलं नाही तर कुठे जायचं. तिने पुणं लिहिलं आणि तिथवर पुरेल इतकं इंधन वाढवून घेतलं. "आधीच अपशकुन कशाला?" जाऊबाई म्हणाल्या. "आई, हे लिहिल्याशिवाय निघायचंच नसतं," पोरगी म्हणाली.

उडाल्यावर दोन मिनिटांत पडदा राखाडी झाला. मग बघण्यासारख्या होत्या त्या फक्त सहा गोल तबकड्या. मधोमध कृत्रिम क्षितिज. खरं क्षितिज दिसत नाही म्हणून यंत्राने दाखवलेलं, वर निळं, खाली तपकिरी. भोवती वेगाचा काटा, उंचीचा, दिशेचा, वळण्याचा आणि चढउताराचा. पोरीची नजर क्षितिजावरून वेगाकडे, पुन्हा क्षितिजाकडे, तिथून उंचीकडे, पुन्हा क्षितिजाकडे, अशी सारखी फिरत होती. एका काट्यावर नजर खिळली की दुसरा हातचा जातो. यात मला काही नवल वाटलं नाही. एका शेगडीवर दूध, दुसरीवर कुकर, ओट्याशी मुलाचं पाठांतर आणि दारात इस्त्रीवाला, असं आपलं रोजचं असतंच. नजर सगळीकडे जाते, पण दर वेळी परत दुधावर येते.

अठरा हजार फुटांवर बाहेरचं तापमान शून्याखाली गेलं आणि पंखांवर बर्फ धरू लागला. बाहेर जून असो की मे, तितक्या वर थंडीच. या विमानाच्या पंखांच्या पुढच्या कडेला रबरी पट्टा असतो. त्यात हवा भरून तो फुगवला की बर्फ तडकून गळतो. फ्रिजमधल्या ट्रेला पीळ देऊन आपण बर्फ सोडवतो, तसंच. वेग मोजणाऱ्या नळीत बर्फ अडकू नये म्हणून ती नळी तापती ठेवतात. नळी तुंबली तर वेगाचा काटाच खोटं बोलू लागतो.

पुढे रडारवर हिरवे, पिवळे आणि मध्ये लाल ठिपके दिसू लागले. मला वाटलं, आता ही त्यातून विमान घालणार. पण इथेच मला सगळ्यात महत्त्वाची गोष्ट कळली. काट्यांवर उडवता येतं म्हणजे वादळात घुसता येतं असं नव्हे! साध्या ढगातून, पावसातून जायचं. विजेचा उभा ढग मात्र चाळीस हजार फुटांच्याही वर जातो, आणि आतल्या वर-खाली धावणाऱ्या वाऱ्यापुढे भल्याभल्या विमानाचं काही चालत नाही. मोठं वादळ असेल तर त्यापासून वीस सागरी मैल, म्हणजे सुमारे सदतीस किलोमीटर, लांब राहावं असं शिकवतात. पोरगी समुद्राच्या बाजूने वळसा घालून गेली. दहा-बारा मिनिटं जास्त लागली.

वळशातही धक्के बसतच होते. उंचीचा काटा शंभर-दोनशे फूट वरखाली होत होता. तिने वेग कमी केला आणि पंख तेवढे समतल धरून ठेवले. "उंचीच्या मागे धावायचं नाही, काकू. प्रत्येक धक्क्याला उत्तर द्यायला गेलं की विमानावर जास्त ताण येतो," ती म्हणाली. मध्येच रेडिओवर सूचना आली, तरी ही लगेच बोलली नाही. आधी विमान सांभाळायचं, मग वाट बघायची, मग बोलायचं, असा त्यांचा क्रमच ठरलेला आहे.

मुंबई जवळ आली तशी तिने उंचीच्या काट्याची खुंटी फिरवली. हा काटा हवेच्या दाबावरून उंची सांगतो, म्हणून त्या ठिकाणचा त्या वेळचा दाब त्यावर लावावा लागतो. वाण्याने तराजूचा काटा शून्यावर आणावा, तसं. पावसाळ्यात दाब कमी असतो. वर उडताना काटा १०१३ वर असतो. मुंबईत १००३ असताना तो तसाच राहिला तर विमान खरं आहे त्याहून जवळजवळ पावणेतीनशे फूट उंच दिसेल. आणि पुढचा सगळा प्रश्न दोनशे फुटांचा होता!

तो असा. धावपट्टीकडून दोन रेडिओ लहरी येतात. एक सांगते डावं-उजवं, दुसरी सांगते वर-खाली. तबकडीत एक उभा आणि एक आडवा काटा, दोन्ही मधोमध ठेवत साधारण तीन अंशांच्या उतारावरून खाली यायचं. जमिनीपासून साधारण दोनशे फुटांवर मान वर करायची. धावपट्टीचे दिवे दिसले तर उतरायचं. नाही दिसले तर तत्क्षणी वर जायचं. थोडं आणखी खाली जाऊन बघू, असं म्हणायचं नाही.

पाचशे फूट. चारशे. तीनशे. दोन्ही काटे अगदी मधोमध. आमचे तिघांचे डोळे पडद्यावर दिवे शोधत होते. दोनशे. समोर राखाडी, नुसतं राखाडी. पोरीने एका झटक्यात दोन्ही इंजिनांना जोर दिला, नाक वर केलं, चाकं आत घेतली आणि वर निघाली.

"अगं, मुंबई हातातोंडाशी आली होती!" जाऊबाई नकळत ओरडल्या.

"दिवे दिसले नाहीत ना, आई. मग तिथे उतरायचं नसतं."

तिने पुन्हा एकदा प्रयत्नही केला नाही. सह्याद्रीवरून जायला पुरेशी उंची घेतली आणि पुण्याला जाऊन उतरली. तिथे आठशे फुटांवरच दिवे दिसले. माझ्या मुलाने मग कबूल केलं, की मुंबईला त्याने तळ शंभर फुटांवर ठेवला होता.

जाऊबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग मेथी निवडता निवडता म्हणाल्या, "मला वाटायचं, वैमानिक म्हणजे धाडस. हिला तर माघारी फिरायला शिकवलंय." दुसऱ्या दिवशी सकाळी चहा गाळताना त्यांनी लेकीला विचारलं, "ते डोळ्यांचं-कानांचं मेडिकल कुठे करतात गं?"

मी त्यांना एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली, तुम्हांलाही सांगते. घरची खुर्ची हलत नाही. म्हणजे कानातला तो लबाड द्रव इथे गप्पच असतो. घरी काट्यांवर विश्वास ठेवणं सोपं आहे, कारण शरीर विरुद्ध साक्ष देत नाही. खरी परीक्षा विमानात, शिक्षक शेजारी असताना. घरच्या सरावाने नजर फिरवण्याची सवय आणि कामांचा क्रम पक्का होतो. पण त्याने पोहायला आलं असं समजू नये. ही काठावरची पोहणी आहे.

मुलीला हे झेपेल का, अशी शंका मनात असेल तर एक जुनी हकिगत सांगते. नोव्हेंबर १९८५ मध्ये इंडियन एअरलाइन्सचं फोकर फ्रेंडशिप विमान कलकत्त्याहून सिल्चरला गेलं. तेही टर्बोप्रॉपच. कॅप्टन होत्या सौदामिनी देशमुख, सहवैमानिक निवेदिता भसीन, आणि विमानातले सगळे कर्मचारी स्त्रियाच होत्या. २०२१ च्या सुमाराच्या आकड्यांनुसार भारतात शंभर वैमानिकांमागे बारा स्त्रिया होत्या. जगात हे प्रमाण साधारण सहा.

आता कामाच्या चार गोष्टी.

पहिली. खेळ की अभ्यास हे ओळखायचं असेल तर शेजारी बसून तीन प्रश्न विचारा. कुठे चाललास? इंधन किती घेतलंस? तिथे उतरता आलं नाही तर कुठे जाशील? विमान आपटून हसत असेल तर तो खेळ. तोही थोडा असायला हरकत नाही, पण वेळ ठरवून द्या. तिन्ही उत्तरं कागदावर लिहिलेली असतील तर तो अभ्यास. त्याला मध्येच "जेवायला ऊठ" म्हणून उठवू नका. ताट दहा मिनिटं झाकून ठेवा. तासभराचं एक उड्डाण पुरे झालं की मात्र कॉम्प्युटर बंद. डोळे आणि पाठ पुढे जन्मभर लागायची आहेत.

दुसरी. कुठेही फी भरण्याआधी वैद्यकीय तपासणी करून घ्या. ती नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, मान्य केलेल्या डॉक्टरांकडेच व्हावी लागते. ठरलेल्या मर्यादेतला चष्मा चालतो. रंग ओळखण्यात दोष असेल तर अडचण येते. ते आधी कळलेलं बरं.

तिसरी. व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचं उड्डाण लागतं. काट्यांवर उडवण्याच्या वेगळ्या परवान्याला तसले ४० तास, आणि त्यांतले जास्तीत जास्त २० मान्यताप्राप्त यंत्रावर चालतात. घरच्या कॉम्प्युटरचा एकही तास यात धरत नाहीत. कुणी तसं सांगून पैसे मागत असेल तर सावध राहा.

चौथी. खर्च लाखांत, तोही मोठ्या दोन आकड्यांत. शिवाय परवान्यानंतर विशिष्ट विमानाचं शिक्षण वेगळं, आणि नोकरी लगेच मिळेलच असं नाही. संस्थेला डीजीसीएची मान्यता आहे का ते बघा. स्वतः जाऊन, उडणारी विमानं किती आणि शिक्षक किती ते मोजा. आधीच्या मुलांना किती महिने लागले ते विचारा. सगळी रक्कम एकदम भरू नका आणि प्रत्येक हप्त्याची पावती घ्या. दागिने मोडायची वेळ येणार असेल तर पर्यायी विमानतळ आधी लिहून ठेवा. म्हणजे हे जमलं नाही तर पुढे काय, ते घरात बसून आधीच ठरवा.

आमच्या जाऊबाईंनी तसंच केलं आहे. कागदावर एका बाजूला विमान, दुसऱ्या बाजूला बी.एस्सी.चा प्रवेश. तपासणीची तारीख मिळाली आहे, निकाल यायचा आहे.

आणि हो, पावसाळ्यात कधी तुमचं विमान उतरता उतरता एकदम जोर करून पुन्हा वर गेलं, तर पदर घट्ट धरून देवाचं नाव जरूर घ्या. पण घाबरू नका. पुढे कुणाला तरी दिवे दिसले नसतील, आणि दिसले नाहीत तर काय करायचं ते त्याला किंवा तिला पक्कं ठाऊक आहे.